मामाचं कुलूप आणि एक तारा

माझा मामा लिफ्ट दुरुस्त करतो. सव्वीस वर्षं. त्याच्या हाताखालच्या लिफ्टमध्ये आजवर कुणाला साधं खरचटलेलं नाही. पण इंटरनेटवर मामाचं नाव टाका, काय दिसतं? "उद्धट माणूस. चालू लिफ्टला कुलूप लावून पळून गेला." आणि पाचपैकी एक तारा.

पळून गेला म्हणे! दोन जिने चढताना मामाला गुडघे धरावे लागतात, तो कसला पळतोय!

कुलपाचं मात्र खरं आहे. लिफ्ट धोक्याची वाटली की मामा मेन स्विच बंद करतो, त्याला स्वतःचं पितळी कुलूप लावतो आणि किल्ली खिशात टाकून घरी येतो. काम झाल्याशिवाय ती किल्ली कुणाला मिळत नाही, चेअरमन असो की चेअरमनचा सासरा. ज्या इमारतीतून हा तारा आला, तिथे ब्रेकचं लायनर झिजून कागदाएवढं झालं होतं. तिथले सेक्रेटरी म्हणाले, "पुढच्या आठवड्यात बघू, घरी पाहुणे आहेत." मामाने कुलूप लावलं. पाहुणे जिन्याने चढले आणि मामाला तारा मिळाला.

इंटरनेटवरचं मामाच्या नावाचं ते पान मीच हौसेने बनवलं होतं. कॉम्प्युटर शिकलेली भाची घरात असताना मामा चिठ्ठ्यांवर नंबर लिहून देतो, याची मला लाज वाटायची.

आता नेमकं समोरच्या चौदा मजली इमारतीचं काम निघालं होतं. दोन विंग, प्रत्येकीत एक लिफ्ट, वर्षभराची देखभाल. मामाचे गुडघे आता त्याला शहरभर फिरू देत नाहीत. हे काम मिळालं तर तो आणखी काही वर्षं काम करणार, नाहीतर घरी बसणार. मामी म्हणाली, "घरी बसले तर माझ्या मिक्सरलाही कुलूप लावतील." ती हसली, पण मामा हसला नाही.

तिथल्या कमिटीच्या प्रमुख म्हणजे गणित शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई. त्या फोनवर म्हणाल्या, "आम्ही आधी ऑनलाइन बघतो, मग बोलावतो."

मी ताबडतोब नातेवाइकांच्या ग्रुपवर फर्मान काढलं: मामाला पाच तारे द्या, दोन ओळी लिहा. तासाभरात चौदा जणांनी लिहिलं. "भाऊजी, तुमच्यासारखा माणूस शोधून सापडणार नाही." "दादा आमच्या घराचा आधार." एका आतेभावाने "काका, वाढदिवसाच्या शुभेच्छा!" असं ठोकून दिलं. वाढदिवस नव्हताच. मामीने चार तारे देऊन लिहिलं, "स्वभाव तापट, पण मनात काही नसतं."

"मामी, चारच?"

"मग? खोटं कशाला लिहू?"

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. "तुमच्या मामांची सगळी गिऱ्हाइकं त्यांना भाऊजी म्हणतात का हो?"

धरणीने पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं.

मामा माझ्यावर असा कधी चिडला नव्हता. "यातल्या एकाच्या तरी लिफ्टला मी हात लावलाय का? तो सेक्रेटरी अर्धं खोटं बोलला. तू पूर्ण बोललीस. काढ सगळं."

सगळ्यांना विनवून काढायला लावलं. उरला तो एकच तारा. मी पानवाल्या कंपनीकडे तक्रार केली. मिनिटभरात यंत्राचं उत्तर आलं: नियमांचा भंग आढळला नाही. नियम! सरासरी कशी काढतात हे मला शिकवू नका, मी तेच काम करते. लिफ्ट धड चालली म्हणून कुणी खिशातून फोन काढत नाही. म्हणून सव्वीस वर्षांच्या कामाचे तारे शून्य आणि एका माणसाच्या पाहुण्यांचा एक!

शेवटी मामा म्हणाला, "खाली उत्तर लिहिता येतं ना? मग लिही. होय, कुलूप मीच लावलं. ब्रेकचं लायनर संपलं होतं. मशीनरूममधल्या वहीत तारीख आणि सही आहे. नवीन लायनर आणा, किल्ली माझ्याकडे आहे."

"पुढे 'निर्लज्ज माणसा' लिहू?"

"नको. वहीत तसं काही लिहिलेलं नाही."

तीन दिवसांनी बाई स्वतः घरी आल्या. "ती वही बघून आले," त्या म्हणाल्या. "आमच्या लिफ्टलाही असं कुलूप लावाल?"

"वेळ आली तर लावीन."

"माझ्या घरी पाहुणे असले तरी?"

"लग्न असलं तरी."

बाईंनी कमिटीशी भांडून एक लिफ्ट दिली, तीन महिन्यांसाठी. दुसरी गुळगुळीत फोटोंच्या, साडेचार ताऱ्यांच्या एका कंपनीला गेली. अजूनही आठवलं की माझं डोकं फिरतं.

पहिल्या दिवशी मीही सोबत गेले. दरवाजा उघडा असताना लिफ्ट हलू नये म्हणून जो स्विच असतो, तो कुणीतरी तारेच्या तुकड्याने जोडून निकामी केला होता. मामाने तार उपटली, वहीत नोंद केली आणि पिशवीतून कुलूप काढलं.

खाली, लिफ्टच्या दारात, आठव्या मजल्यावर राहणारे एक गृहस्थ दोन जड पिशव्या घेऊन उभे होते. त्यांनी पिशव्या जमिनीवर आपटल्या आणि फोन काढला. "नाव काय हो तुमचं?"

मी मधे पडणार होते. मामाने मला हाताने मागे सारलं आणि नाव सांगितलं, आडनावासकट. मग त्यांची एक पिशवी उचलून तो गुडघा धरत जिना चढू लागला.