पांढरी म्हणजे कोरी नव्हे

अन्याय माझ्या वडिलांवर झाला. मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झाला त्या वर्षी, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी, कचेरी उघडल्या उघडल्या. साहेबांच्या टेबलासमोर उभं करून सगळ्यांदेखत त्यांना विचारलं गेलं, “पंडितजी, दस्तखत तो आपके ही हैं ना?”

सही कशावरची, ते सांगतो.

आमच्या गावाबाहेर, भैरवगढच्या रस्त्याला, नदीच्या अंगाला एक टेकडी होती. म्हणजे अर्धी अजून आहे. रविवारी बाबा आम्हाला तिथे न्यायचे. आई डब्यात दशम्या आणि लसणाची चटणी घ्यायची. पाऊस होऊन गेला की मातीतून लाल, निळे मणी वर आलेले असायचे; ते वेचता वेचता दुपार निघून जायची. बाबा चिमूटभर माती तळहातावर चोळायचे. करडी, मऊ.

“ही चुलींची राख आहे बरं. किती पिढ्या इथे रांधून जेवल्या असतील.”

“आणि भांडी तशीच टाकून गेल्या,” खापरांकडे बोट दाखवत आई म्हणायची. “घासायला मी आहेच!”

बाबा जमिनीच्या दप्तरात कारकून. जुने कागद मोडीतले, मराठीतले. ते वाचणारे कचेरीत ते एकटेच उरले होते. राज्य बदलणार हे ठरलं तसा हुकूम आला: नव्या वस्तीच्या जमिनींचे कागद हिंदीत करून द्या. घरं तर हवीच होती. फाळणीत सगळं सोडून आलेली कुटुंबं गावातल्या फ्रीगंज भागात एकेका खोलीत दाटीनं राहून राहिली होती. बाबांना ते दिसत होतं. टेकडीपलीकडचं सपाट माळरान वस्तीसाठी त्यांनीच सुचवलं होतं.

घरी बाबा मोडी वाचायचे आणि मी हिंदीत लिहायचो. हिंदी पत्रकं लिहून लिहून माझा हात बसला होता, आणि तोराही चढला होता. टेकडीच्या कागदावर जमिनीचा प्रकार एका शब्दात होता: पांढरी. पिकाची जमीन ती काळी, जुन्या वस्तीची ती पांढरी.

“शब्द तसाच ठेव,” बाबा म्हणाले.

“हिंदीवाल्यांना काय कप्पाळ समजणार, बाबा?”

मी लिहिलं: सफ़ेद ज़मीन. बाबांनी न वाचताच सही केली. मुलाच्या हातावर भरवसा.

नकाशावाल्यांनी अर्थ लावला: सफेद, म्हणजे कोरी. प्लॉट टेकडीवर पडले. शब्द माझा चुकला, कबूल. पण डोळे त्यांना होते ना? एकानेही तिथवर पाय नेले नाहीत. खापरांचा सडा पडलेली जमीन कोरी कशी दिसते, हे मला कोणीतरी सांगावंच.

खणायला सुरुवात झाल्याचं कळलं तेव्हा बाबा साहेबांकडे गेले. पांढरी म्हणजे काय ते समजावू लागले, आणि तो प्रश्न आला.

“जी, मेरे ही हैं.”

एवढंच. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. त्याच दिवशी त्यांच्याकडचं मोडीचं दप्तर काढून घेतलं आणि त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. संध्याकाळी चहा पिता पिता मला म्हणाले, “तुझी हिंदी चांगली आहे रे. जरा जास्तच.”

परवा मी एकटाच गेलो होतो. कापलेल्या कडेत थर उघडे पडलेत: राख, विटा, पुन्हा राख. मणी दिसले, पण वेचावेसे वाटले नाहीत. बाबा आता येत नाहीत. आई रविवारी डबा भरत नाही.

उरलेल्या अर्ध्या टेकडीवर आता प्लॉट आखून राहिलेत. हरकतीचा अर्ज आमच्या ओट्यावर ठेवला आहे. अर्ज हिंदीत आहे, एक शब्द मात्र तसाच ठेवलाय. या रविवारी आधी टेकडीवर जा, माती तळहातावर चोळून बघा, मग येऊन सही करा. आणि वाचून करा.