बगळ्याच्या मुखवट्याचे डोळे

आमचं शेत खाडीच्या काठाला होतं, धरमतरच्या अलीकडे, मिठागरांना लागून. बाबा पावसाळ्यात भात लावायचे आणि उन्हाळ्यात मिठावर जायचे. आईपण जायची. खाडी आणि शेताच्या मधे मातीचा बांध होता, तो गावाने मिळून राखायचा. मी लहान शाळेत असताना एका उधाणाला त्या बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडलं. ते वेळेत बुजलं नाही, आणि एकदा आत शिरलेलं खारं पाणी मग रोजच येऊ लागलं. थोड्याच वर्षांत भाताच्या जागी खारफुटीची तिवरं उगवली. आज तिथे कधी शेती होती हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

आम्ही आईच्या माहेरी जोह्याला आलो. जोहे गणपतींचं गाव, घरटी कारखाना. मिठावरच्या माणसाला तिथलं काहीच येत नव्हतं. बाबांनी प्लास्टरच्या पोत्यांपासून सुरुवात केली. मग घासकाम, मग रंग, आणि बऱ्याच वर्षांनी आखणी. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. ते सगळ्यात शेवटी होतं आणि प्रत्येकाच्या हाताला ते जमत नाही. आई मूर्ती घासायची. पॉलिश पेपर धरून धरून तिच्या बोटांवरच्या रेषा गेल्या, रेशनच्या मशीनवर तिचा अंगठा उमटेना. दुकानदार म्हणायचा, "मावशी, तुम्ही आहात की नाय ते मशीनला कळत नाय." आई म्हणायची, "मला तरी कुठं कळतंय."

त्या बोटांच्या जिवावर मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली. हे मी संधी मिळेल तिथे सांगते, इथेही सांगून टाकलं.

आता मी रोह्याला एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे. पेणहून कंपनीची बस निघते, कोलाडवरून जाते. त्या बसमध्ये बाकीचे झोपतात आणि मी ॲनिमे, म्हणजे जपानी चित्रमालिका, बघते. ॲनिमे मला कॉलेजात लागलं, एका मैत्रिणीच्या मोबाइलवर. तेव्हापासून ऐकत आलेय, "कार्टून काय बघतेस, ग्रॅज्युएट ना तू?" त्यांना माझं एकच उत्तर आहे. तुम्ही एकदा नीट बघा. ही माणसं भाताचा वाडगा काढतात तर त्यातून वाफ निघते, आणि खिडकी उघडी असेल तर ती वाफ एका बाजूला कलते. कथेला त्या वाफेची काही गरज नसते. तरी कोणीतरी खाली मान घालून ती काढलेली असते. अशी मान घालून बसलेली माणसं मी लहानपणापासून बघत आले आहे, म्हणून मला ती वाफ दिसते.

मालिका सुरू होताना ती बनवणाऱ्यांची नावं येतात तेव्हा ती वगळायचं एक बटण स्क्रीनवर येतं. ते मी कधी दाबत नाही. लिपी वाचता येत नाही, तरी बघते. आमच्या गणपतींवर कोणाचंच नाव नसतं. मूर्ती दुकानात जाते, दुकानातून घरात, आणि डोळे कोणी आखले ते कोणी विचारत नाही. तिथे निदान पार्श्वभूमीतली झाडं काढणाऱ्याचंही नाव येतं. मला ते फार मोठेपणाचं वाटतं.

स्ट्रीमिंगवर सगळे भाग एकदम टाकतात ते मात्र मला पटत नाही. आठवड्याला एक भाग आला की आठवडाभर तो अंगात मुरतो, बसमध्ये, टेस्ट लावताना, भाकरी थापताना. आणि मराठीत काहीच नाही याचं वाईट वाटतं. पण तक्रार तरी कशी करू? जोह्यासारख्या गावात बसून टोकियोतल्या माणसासोबत त्याच आठवड्यात तीच गोष्ट बघता येते. माझ्या आईला पेणचं थिएटर बघायला लग्न व्हावं लागलं होतं.

यातली एक मालिका माझी खास. समुद्र अडवणारा बांध, त्याच्यामागे गाव, आणि बांधावर पहारा देणारी एक बाई. तिच्या चेहऱ्यावर कायम बगळ्याचा मुखवटा, गावाने तिचा चेहरा कधी पाहिलेला नाही. मधल्या एका भागात तो बांध फुटतो. दुसऱ्या कोणी केलं असतं तर मोठा आवाज, लाटा, पळापळ दाखवली असती. इथे संगीत बंद होतं. पाणी भाताच्या बुडख्यांमधून गुपचूप वर चढतं, आणि शेताचा रंग बदलतो तेव्हा कळतं की ते आलंय. मी तो भाग बसमध्ये बघितला आणि कोलाड कधी गेलं मला कळलं नाही.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि बाबांना बसवलं.

"आता या वयात कार्टून बघू का मी?"

"बघा तर. मी सांगते काय बोलतात ते."

सांगायची वेळच आली नाही, कारण त्या भागात कोणी फार बोलत नाही. पाणी चढायला लागलं तसे बाबा पुढे सरकले.

"परत दाव," ते म्हणाले.

परत दाखवलं.

"पाणी बरोबर आलंय," ते म्हणाले. जरा वेळाने विचारलं, "ह्यो काढणारा कुठला?"

"जपानचा."

"त्याच्या हितं पन बांध फुटला असंल."

आई भांडी घासता घासता आतून म्हणाली, "जगात सगळीकडं तुमच्यासारखंच होत असंल, व्हय?" पण तीही हात पुसत येऊन उभी राहिली.

त्याच दिवशी मी मागणं घातलं. मुंबईला थंडीत ॲनिमेवेड्यांचं कन्व्हेन्शन, म्हणजे मेळावा, भरतं, मी त्याला दर वर्षी जाते. तिथे आवडत्या पात्राचा वेश करून मंचावर जातात, त्याची स्पर्धा असते. मला बगळ्याच्या मुखवट्याची बाई व्हायचं होतं. आणि मला बाबांच्या गणपतींच्या शेडमधला मागचा कोपरा हवा होता, कायमचा. तिथे मला असे मुखवटे करायचे होते, स्वतःसाठी आणि विकायलाही. बाबांनी तोपर्यंत स्वतःची छोटी शेड उभी केली होती, आणि त्या कोपऱ्यात त्यांना साच्यांची मांडणी करायची होती.

"यंदा कर," ते म्हणाले. "चार मान्सांत तुझा मुखवटा उभा राहिला तर कोपरा तुझा. नायतर हे खूळ बंद, आन् साचे ठेवू तिथं." ते चेष्टा करत नव्हते. मीही नाही.

प्लास्टरचा मुखवटा मानेला झेपणार नव्हता, म्हणून कागदाच्या लगद्याचा केला. शाडूत आकार काढला, त्याच्यावर थर चढवले. चोच लांब, हातभर. पिसं चपलांच्या फोमची कापली. आईने घासून दिला. तिने एकदा हात फिरवला की लगदा लगदा वाटत नाही, हाड वाटतं. डोळ्यांच्या जागी मी पेन्सिलने खुणा केल्या. सुट्टीच्या दिवशी तिथे भोकं पाडायची होती, म्हणजे मला बाहेरचं दिसलं असतं.

सुट्टीच्या आधीच्या दिवशी शिफ्ट करून घरी आले तर मुखवट्याला डोळे होते.

आमच्याकडे असं असतं की, पुरा झालेला चेहरा डोळ्यांशिवाय शेडच्या बाहेर पडत नाही. बाबांना दुसऱ्या दिवशी रंग वाळवायला मुखवटा उन्हात ठेवायचा होता. चेहरा पुरा, डोळ्यांच्या जागी खुणा, बाहेर तर न्यायचाय. त्यांनी बारीक ब्रश घेतला आणि आखणी केली. पिवळं बुबुळ, मधे काळी बाहुली, भोवती काळी कड, आणि आत एक पांढरा ठिपका. खाडीतला बगळा मासा दिसल्यावर जसा थांबतो, तसे ते डोळे थांबलेले. इतके सुंदर डोळे त्यांनी कुठल्या मूर्तीलाही क्वचित काढले असतील.

"बाबा, मी बघणार कुठून?"

त्यांनी मुखवटा उचलून उजेडात धरला. मग म्हणाले, "आता पाती लावायची नाय."

हेही आमच्याकडचंच. आखणी झालेल्या डोळ्याला हत्यार लावत नाहीत. हौसेचा बगळा होता, देव नव्हता, मी हट्ट केला असता तर त्यांनी अडवलं नसतं. पण कटर हातात घेतला आणि माझाच हात पुढे जाईना. मी त्याच शेडमध्ये वाढले आहे.

मी चोचीच्या खाली एक फट पाडली. तिच्यातून फक्त माझी पावलं दिसत.

आई बाबांना म्हणाली, "डोळे तुम्ही आखलेत नं, मग पोरीला हाताला धरून तुम्हीच न्या."

असे बाबा कन्व्हेन्शनला आले, पांढरा शर्ट, गणपतीतली टोपी.

त्या जागेबद्दल मला जे वाटतं ते एकदा सांगते. तिथे दुकानं फार आणि चित्रकारांचे टेबल थोडे, हे खरं. रांगाही फार. पण त्या रांगेत कोणी तुमचं गाव, आडनाव, पगार विचारत नाही. "तू कोण आहेस?" एवढंच विचारतात, आणि तुम्ही जे व्हायला आलात ते सांगायचं असतं. मोठ्या हुद्द्याच्या दिसणाऱ्या बाई गुडघ्यावर बसून अनोळखी मुलीच्या पंखाची दोरी बांधतात. कोणाची तलवार मोडली की आजूबाजूचे सगळे आपापली चिकटपट्टी काढतात. मी कॉलेजात पहिल्या दिवशी कोपऱ्यात उभी होते. इथे मला पहिल्या दिवशीपासून कोणी कोपऱ्यात उभं राहू दिलं नाही.

त्या दिवशी मात्र मला यातलं काही दिसत नव्हतं. बाबांचा हात आणि जमीन, एवढंच.

एका मुलीने बाबांना विचारलं, "अंकल, आप कौनसे कॅरेक्टर हो?"

"मी हिचा बाप," बाबा म्हणाले.

"वो कौनसे सीरीज में है?"

"जोह्याच्या," बाबा म्हणाले, आणि तिने त्यांच्यासोबत फोटो काढला.

मंचावर जायची वेळ आली तेव्हा मी पहिली पायरी पावलाने चाचपली. बाबा हळू म्हणाले, "चिखलातून चालतेस तशी चाल. पाय आधी टेकव, भार मग दे." बांधावर चालायला त्यांनी मला तसंच शिकवलं होतं. मी तशी चालले. पुढे काय दिसत होतं ते मला नंतर व्हिडिओत कळलं: एक उंच बगळी, पाऊल जपून टाकणारी, डोळे हलत नाहीत, आणि शेजारी एक साधा माणूस तिचा हात धरून. ज्यांनी मालिका पाहिली होती त्यांना वाटलं, हा गावकरीच आहे, बांध फुटल्यावर तिला घरी नेणारा. मालिकेत असं काही नाही. पण असायला हवं होतं, असं नंतर मला किती जणांनी सांगितलं.

समोरची माणसं मला दिसत नव्हती. चालता चालता वाटलं, गेला कोपरा. मग टाळ्या आल्या.

परीक्षकांपैकी कोणीतरी माइकवरून विचारलं की, हिला आतून दिसतं कसं?

मी तोंड उघडायच्या आधी बाबा म्हणाले, "तिला नाय दिसत. बगळ्याला दिसतं."

पहिलं बक्षीस पुण्याच्या एका मुलाच्या यंत्रमानवाला मिळालं. त्याच्या छातीतले दिवे श्वासासारखे कमी-जास्त व्हायचे, बक्षीस त्यालाच मिळायला हवं होतं. आम्हाला काही मिळालं नाही. पण मंचावरून उतरल्यावर मी मुखवटा काढला तेव्हा बाबांच्या भोवती घोळका होता. एकाला कोल्ह्याचा चेहरा हवा होता, एकीला घुबडाचा. त्यांना विचारायचं होतं की हे डोळे कोण काढतं. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रश्नाचं उत्तर दिलं.

परतीच्या एसटीत बाबांनी मुखवटा मांडीवर घेऊन डोळ्यांच्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "पुढच्या वेळेला भोकं आधी पाड. मी कडेनं आखीन."

"आणि साचे?"

"साचे माळ्यावर जातील."

आई दारातच होती. "आलीस गो? धडपडली नाय नं कुठं?" एवढंच तिने विचारलं, आणि मुखवटा घेऊन खुंटीला लावला.

शेडच्या मागच्या कोपऱ्यात आता मुखवट्यांचं काम चालतं. आई घासते, बाबा आखतात, मी आकार काढते आणि शिफ्ट नसेल तेव्हा भोकं पाडते. प्रत्येक मुखवट्याच्या आतल्या बाजूला आम्हा तिघांची नावं असतात.