कामात धरलेलं नाही

परदेशात आल्यावर सेरंगून भागातल्या काकू माझ्या पहिल्या गिऱ्हाईक. त्यांच्या फराळाच्या धंद्याची वेबसाइट मी करून देणार होते. ठरलं कसं, तर त्यांनी गरम थालीपीठ वाढलं आणि म्हणाल्या, "अगं, तू घरचीच. तुला काय वेगळं सांगायचं?" तोंडात लोण्याचा घास, मी मान डोलावली. झालं काम पक्कं.

मग दर रविवारी चहाचं बोलावणं आणि चहाबरोबर नवीन मागणी. आधी चकलीचे फोटो, मग चिवड्याचं लेबल, मग दिवाळीची पत्रकं. नाही म्हणायला माझी जीभ रेटेना. इकडे लेकीला पुलाउ उबीन बेटावर सायकल चालवायला न्यायचं कबूल केलेलं, ते सारखं पुढे ढकललं जात होतं. शेवटी तिने विचारणंच सोडलं. ते मला फार लागलं.

नवरा जहाजावर इंजिनिअर. तो फोनवर म्हणाला, "जहाज दुरुस्तीला देण्याआधी आम्ही लिहून देतो, काय करायचं आणि काय नाही. नाहीतर ते गोदीतून बाहेरच येणार नाही."

आमच्या धंद्यात त्याला स्कोप म्हणतात. मी बसले लिहायला. पानं किती, फोटो किती, दुरुस्त्या दोनदाच. खाली ठळक अक्षरांत 'कामात धरलेलं नाही': लेबलं, पत्रकं, रविवार. 'रविवार' दोनदा खोडला, पुन्हा लिहिला. काम गेलं तर दुसरं मिळेल, पण काकू दुखावल्या तर इथे अशी हक्काची माणसं कुठून आणू?

काकूंनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"बाई गं, हे आधी नाही का द्यायचं? मला वाटायचं, नवरा बोटीवर, तुला रविवार खायला उठत असेल. म्हणून मीच काहीबाही काम काढून बोलवत होते."

मी कपाळावर हात मारला आणि दोघी पोट धरून हसलो.

पुढच्या रविवारी आम्ही उबीनच्या होडीत होतो. काकूही होत्या, डब्यासकट. होडी सुटते न सुटते तोच त्या म्हणाल्या, "अगं, त्या साइटवर जरा अनारशांचं..."

लाडू खाता खाता लेक इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली, "नॉट इन स्कोप लाह, आजी."

काकूंनी अनारशांचं तिथेच सोडलं आणि तिच्या हातावर दुसरा लाडू ठेवला.