सेतुमाधवरावांचा हाउसफुल प्रयोग

पडदा वर जातो. तंजावूरबाहेरच्या एका विद्यापीठाचं सभागृह. समोर तीनशे मुलं, मंचावर माइक, आणि माइकमागे सेतुमाधवराव. वय एकाहत्तर, कमरेला जरीकाठी वेष्टी, केसांना ताजा कलप. तरुणपणी नाटकात राजे रंगवायचे. तिसऱ्या अंकाला प्रेक्षकांपेक्षा रिकाम्या खुर्च्या जास्त. आता मुलांच्या वसतिगृहात वॉर्डनच्या हाताखाली होते.

वसतिगृहात चौघांना कांजिण्या झाल्या होत्या आणि परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती. दवाखान्यातली नर्स चंद्रमती त्यांची लांबची भाची. तिने साधं काम सांगितलं होतं, "मामा, खोलीखोलीला जा. दारातूनच सांगा, फोड आला तर लपवू नका, घोळक्याने बसू नका. बास."

राजाने दारोदार फिरायचं? सेतुमाधवरावांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं, आवाज घुमावा म्हणून दारं-खिडक्या लावून घेतल्या, आणि गर्दी का करू नये यावर पाऊण तास बोलले. तिसऱ्या रांगेतला एकजण सतत मान खाजवत होता. रावांना वाटलं, पोरगा गहिवर लपवतोय.

पंधरा दिवसांनी तेवीस जण आडवे झाले.

"काय मामा, टाळ्या मिळाल्या ना?" चंद्रमती म्हणाली.

"आयुष्यात एकदाच हाउसफुल झालो," राव म्हणाले, "तेही कांजिण्यांनी केलं."

"थट्टा पुरे. साथ थांबली नाही तर पोरांची परीक्षा बुडेल."

आजाऱ्यांना वरच्या मजल्यावर वेगळं ठेवलं होतं. दारांवर छापील सूचना होत्या, तरी दोस्त नोट्स मागायला खुशाल आत शिरत. राव त्या रात्री झोपले नाहीत. सकाळी कडुनिंबाचा भारा घेऊन आले आणि प्रत्येक दारावर डहाळी बांधली. घराला डहाळी म्हणजे आत अम्मा, म्हणजे देवी, आली आहे, बाहेरच्याने उंबरा ओलांडायचा नाही, हे तंजावुरात शेंबडं पोरही जाणतं. सूचना न वाचणारे दोस्त डहाळी बघून जिन्यातूनच परतू लागले. त्यात सूक्ष्मजीवशास्त्राचेही तिघे होते.

मग राव रोज दारोदार. ताप किती, नवा फोड आला का, हे बाहेरूनच विचारत आणि ताक ठेवून जात. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा त्यांचा आवाज तापलेल्या डोक्यांना सोसत नसे.

"ताता, हळू," आतून पोरं आजोबांना विनवत.

अख्ख्या कारकिर्दीत कुठल्या दिग्दर्शकाला जमलं नव्हतं ते असं झालं. राव हळू बोलायला शिकले.

नवे रुग्ण आधी कमी झाले, मग थांबले. आजारी पडलेले सगळेच्या सगळे परीक्षेला बसले.

शेवटच्या पेपरानंतर चंद्रमती निरोप घेऊन आली. "मामा, सभागृहात तुमचा सत्कार करायचा म्हणतात. भाषणही करा."

रावांचा हात सवयीने केसांवरून फिरला. मग ते दारावरची वाळलेली डहाळी सोडवत हळूच म्हणाले, "सभागृह नको गं. दारंच बरी. मध्येच उठून जात नाहीत."