फराशखान्याचा दारोगा

भोमा माझ्या थोरल्या बहिणीचा, जडावचा नवरा. उभ्या मारवाडात त्याच्याइतका बावळट माणूस मी पाहिला नाही, आणि पुढे रेल्वेच्या नोकरीत मी बावळट काही कमी पाहिले नाहीत.

आमची जमात ठाकुरांच्या घरी जन्मायची आणि तिथेच राबून मरायची. पगार नाही, सोडून जायची सोय नाही. ठाकुराच्या लेकीचं लग्न निघालं की हुंड्यात गालिचे, उंट, भांडी जायची, तशी आमची एखादी पोरही जायची. रोहिणवाड्याच्या ठाकूर सालमसिंहांच्या लेकीचं, बाईसांचं, लग्न ठरलं, तेव्हा कामदार, म्हणजे ठाकुरांचे कारभारी, सोभागमल मेहतांनी भोमाच्या सिणगारीवर बोट ठेवलं. भोमाची ती एकुलती एक पोर. सोजतला तिची सोयरीकही झाली होती.

सुटकेची एकच वाट होती. लग्नाच्या दरबारात ठाकूर जुन्या नोकरांना ‘माग’ म्हणायचे, आणि पाहुण्यांसमोर मागितलेलं नाकारणं त्यांना शोभत नसे. लहानपणी ते भोमाच्या खांद्यावर बसून हिंडलेले, म्हणून पहिला मान भोमाचा. जडावने आठवडाभर त्याच्याकडून घोकून घेतलं.

“काय मागायचं?”

“सिणगारी.”

“अन् ते म्हणाले, जमीन घे, तर?”

“सिणगारी.”

“सोन्याचं कडं दिलं तर?”

“अगं, सिणगारीच! मला काय अक्कल नाही का?”

जडावने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. नवऱ्याला ती चांगली ओळखून होती.

दरबार भरला. भोमा हात जोडून पुढे झाला, त्याच्या मागे मी. पण ठाकुरांनी तोंड उघडायच्या आत कामदार उठले. तो माणूस बेरकी. भोमा काय मागणार हे त्याने केव्हाच ताडलं होतं.

“भोमा, अन्नदाता तुझ्यावर खूश आहेत. आजपासून तू फराशखान्याचा दारोगा! अरे, दारोगा म्हणजे काय कळतं का तुला? बादशहाच्या टांकसाळीला दारोगा, तोफखान्याला दारोगा. भले भले सरदार त्यांच्या दारात ताटकळायचे. आपल्या महाराजांनी दिल्लीहून हा हुद्दा जोधपूरला आणला, आणि आज तो तुझ्या घरी चालून आलाय.”

खोटं काही नव्हतं त्यात. फक्त वाटेत त्या हुद्द्याचं काय झालं, ते कामदारांनी गिळलं. महाराजांकडे हत्तीखान्याचा दारोगा होता, म्हणून आमच्या ठाकुरांनाही हवा झाला, मग हत्ती नसला तरी चालेल. पाणी भरणारा झाला पाणेऱ्याचा दारोगा, शेण काढणारा तबेल्याचा. पगाराऐवजी हुद्दा द्यायचा, इतकं ते सोपं होतं. पुढे तर शिरगणतीवाल्यांनी आमच्या जमातीलाच दारोगा लिहून टाकलं. ‘गोला’ म्हणायची त्यांना लाज वाटली असणार. गोला म्हणजे घरचा गुलाम. आम्हाला रोज तोंडावर गोला म्हणताना मात्र कोणालाच लाज वाटली नव्हती.

आणि हा फराशखाना म्हणजे काय, तर जुने गालिचे, तंबू, समया आणि उंदीर यांची खोली. भोमा ती आधीपासूनच झाडत होता! आता डोक्याला केशरी पागोटं आणि हातात चांदीच्या मुठीची काठी आली. भोमा आनंदाने ढसाढसा रडायला लागला.

ठाकूर हसून म्हणाले, “बोल भोमा, आणखी काय हवं?”

मी मागून त्याच्या बरगडीत बोट खुपसलं. “सिणगारी,” मी पुटपुटलो. “अरे, बोल ना!”

“अन्नदाता,” तो म्हणाला, “आता मागायला राहिलंच काय?”

मला त्या काठीनेच त्याला बडवावंसं वाटलं. अजूनही वाटतं.

दुसऱ्या दिवशी वरात निघताना हुंडा पाहुण्यांच्या हवाली करायचा होता. एकेका वस्तूचं नाव पुकारायचं काम फराशखान्याच्या दारोगाचं. भोमा पायरीवर ताठ उभा राहिला. काठी आपटून पुकारू लागला, “गालिचे! तंबू! चांदीच्या समया!” मग बैलगाडीत तोंड झाकून बसलेल्या पोरीपाशी आला. क्षणभर थांबला. माझ्या जिवात जीव आला. वाटलं, याच्या पोटात कुठेतरी बाप शिल्लक आहे.

“दारोगा, आवाज!” कामदार ओरडले.

“दासी, सिणगारी!” भोमाने खणखणीत पुकारलं, आणि बरोबर जमलं का म्हणून कामदारांकडे पाहिलं.

गाडी हलली. सिणगारीने मागे वळून पाहिलं नाही. पाहावं असं तिथे होतं तरी कोण? आईला तर दरवाजाच्या आतच रोखून धरलं होतं.

जडाव रडली नाही. संध्याकाळी तिने बाजरीची भाकरी थापली, ताट वाढलं आणि दारात उभं राहून हाक मारली, “दारोगाजी, जेवायला चला.”

आदल्या दिवसापर्यंत ती त्याला ‘सिणगारीचे बापू’ म्हणत होती. ती हाक त्याला पुन्हा मरेपर्यंत ऐकू आली नाही. आणि ते गाढव शेवटपर्यंत गावभर सांगत राहिलं, “बाकीच्यांचं सोडा, माझी बायकोसुद्धा मला हुद्द्याने हाक मारते.”