रस्सीच्या टोकाच्या मावशी

आमच्या विद्यापीठाचे तीन कॅम्पस. पुण्याचा जुना, भोरचा मधला आणि आमचा विंझरजवळचा अगदी नवा. आम्ही अजून कशातच जिंकलो नव्हतो. यंदा मात्र मुलींच्या रस्सीखेचीत थेट अंतिम फेरी, तीही भोरविरुद्ध!

भोरच्या रस्सीच्या टोकाला पन्नाशीच्या एक मावशी होत्या. बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होत्या म्हणे. त्यांचं नाव मला आजही माहीत नाही. त्यांनी चपला कडेला नीट जोडीनं ठेवल्या, ओढणी कमरेला करकचून बांधली आणि तळव्यांना माती चोळली. आम्ही एकमेकींकडे बघून हसलो.

शिट्टी वाजली. मावशी मागं रेलल्या आणि आम्ही सगळ्याजणी पुढं घसरायला लागलो. रेषा वीतभर उरली तेव्हा त्यांना माझा लालबुंद चेहरा दिसला आणि हसू फुटलं. ते आवरेचना. त्यांची पकड सुटली, भोरच्या मुली रस्सीसकट आमच्याकडं ओढल्या गेल्या. आम्ही जिंकलो!

मी नाचतच मावशींना उठवायला गेले. "लागलं का हो?"

"न्हाई गं," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "लगीन झाल्यापास्नं माज्यासंगं कुनी खेळलंच नव्हतं. आमी हारलो व्हय?"

"हो."

"मग चल की, परत खेळू!"

बक्षीस द्यायला आलेले पाहुणे ताटकळले होते. पण तिन्ही कॅम्पसच्या मुली धावल्या आणि मिळेल त्या बाजूला रस्सी धरली. मी मुद्दाम मावशींच्या पुढं उभी राहिले. शेवटी पाहुण्यांनीही कोट काढला.