वय घातलं, शिक्षण घातलं

आमच्या विभागातून अहवाल वर्षाला एखादा बाहेर पडायचा, किस्से मात्र रोज डबा खाताना निघायचे. अहवालात त्यांना जागा नसते, म्हणून ते साठत जातात.

मी नवी मुंबईतल्या एका हॉस्पिटलात संशोधनाची आकडेमोड करायचे. तीन गटांच्या मेंदूंचे एमआरआय काढायचे होते: एका केमिकल कारखान्यातले कामगार, मार्केटातले माथाडी आणि ऑफिसातले क्लार्क. मेंदूत फरक दिसलाच, तर तो कामामुळे की वयामुळे? ते कळायला वय, दारू, शिक्षण हिशोबात घालायचं आणि त्यांचा वाटा आकड्यांतून काढून टाकायचा. ते काम माझं.

*

पहिलाच माथाडी साताऱ्याकडचा. मशीन अर्धा तास ठणाणा करतं, भलेभले घाबरतात. हा चक्क घोरायला लागला. टेक्निशियनने उठवलं, "काका, झोपू नका, नुसतं पडून राहा."

काका म्हणाले, "आजवर पडून राहा असं कुणी म्हणलंच न्हाई. मला वाटलं, झोपायचंच असतंय."

*

वय विचारलं की उलटा प्रश्न यायचा, "कागदावरचं का खरं?" निम्म्यांचा जन्म एक जूनचा. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली तारीख.

सर, म्हणजे आमचे विभागप्रमुख, म्हणाले, "तेच घाल. दुसरं आहे कुठे?"

गुरुजींनी अंदाजाने टाकलेलं ते वय मी दोन दशांश स्थळांपर्यंत अचूक मांडलं.

*

आकडे आले. आठवणी सांभाळणारा मेंदूचा भाग कारखान्यातल्या लोकांमध्ये क्लार्कांपेक्षा लहान निघाला. मी कागद सरांपुढे ठेवला. माणसं कारखान्यानेच पाठवलेली. सरांचा चेहरा उतरला.

"वय घातलंस?"

"घातलं."

"दारू?"

"तीही. तरी फरक आहे."

"मग शिक्षण घाल."

शिक्षण घातलं. फरक गेला. सरांनी सगळ्यांना चहा मागवला. मीही प्यायले.

*

महिन्याभराने त्याच कारखान्यातल्या कदमांना घेऊन त्यांची बायको खांदेश्वरहून आली. कदमांना हल्ली स्वतःची बिल्डिंग सापडत नव्हती. सर मीटिंगमध्ये होते, म्हणून मलाच बोलावं लागलं.

"कामामुळे झालंय का हे, ताई?"

"एकट्याचं सांगता येत नाही, वहिनी. सगळ्यांचं मिळून पाहिलं तर कामाचा फरक दिसत नाही. शिक्षण कमी पडल्याचा दिसतो."

त्यांनी कदमांच्या शर्टाचं चुकलेलं बटण काढून नीट लावलं.

"शिकलेले असते, तर तिथं कशाला लागले असते?"